ये बँक्स अँड ब्रेज

ये बँक्स अँड ब्रेज (म्हणजे 'हे नदीकाठांनो, उतारांनो') हे कवी रॉबर्ट बर्न्सने १७९१ मध्ये लिहिलेलं स्कॉटिश विरहगीत, जेम्स जॉन्सनच्या स्कॉट्स म्युझिकल म्युझियम या संग्रहाच्या चौथ्या भागात १७९२ मध्ये छापून आलं. गाण्यात जिचे काठ येतात ती डून ही स्कॉटलंडमधल्या एअरशायरची नदी, आणि बर्न्स १७५९ मध्ये जन्मला ते ॲलोवे गाव तिच्याच काठचं, म्हणजे हा सगळा परिसर त्याच्या लहानपणापासून पायाखालचा.

गाण्यात बोलते ती एक फसवली गेलेली मुलगी. ती नदीकाठालाच विचारते की माझ्या जिवाला इतका घोर असताना तुम्ही इतके ताजे, फुललेले कसे राहू शकता, पाखरांनो तुम्हाला गावंसं तरी कसं वाटतं. मग जुने दिवस आठवतात, आणि शेवटी ती सांगते की मी हौसेने एक गुलाब खुडला, तो लबाड प्रियकर घेऊन गेला आणि काटा तेवढा माझ्याकडे ठेवला. तक्रार एवढीच, शिव्याशाप काही नाहीत, आणि म्हणूनच ते आत जाऊन लागतं. पेगी केनेडी नावाच्या मुलीची खरी हकिगत यामागे आहे असं मानलं जातं.

बर्न्सने याचे तीन खर्डे केले. आधीच्या खर्ड्यांत ओळी आखूड आणि साध्या आहेत, पण नंतर द कॅलेडोनियन हंट्स डिलाइट या चालीत बसवायचं म्हणून त्याने ओळी लांबवल्या, शब्द घातले. कविता म्हणून वाचायला आधीचाच खर्डा जास्त सुंदर आहे हे मान्य करायला हवं, पण लोकांच्या तोंडी बसला तो चालीवरचा.

आणि त्या चालीची गोष्ट तर फारच छान आहे. १७९४ मध्ये स्कॉटिश गाण्यांचा संग्राहक जॉर्ज थॉमसनला लिहिलेल्या पत्रात बर्न्स सांगतो की एडिनबरातल्या जेम्स मिलर नावाच्या वकिलाला आपणही एखादी स्कॉटिश चाल बांधावी अशी फार इच्छा होती, तेव्हा स्टीफन क्लार्क या संगीतकाराने त्याला थट्टेत सांगितलं, हार्पसिकॉर्डच्या (पियानोसारख्या जुन्या वाद्याच्या) नुसत्या काळ्या पट्ट्या वाजव आणि थोडी लय सांभाळ, चाल आपोआप होईल, आणि खरंच झाली! आपल्याकडे ज्याने पेटीला हात लावलाय त्याला हे लगेच कळेल, कारण काळी तीनला सा धरून फक्त काळ्या पट्ट्या वाजवल्या की सा रे ग प ध मिळतात, म्हणजे भूपाचेच स्वर. अर्थात स्वर तेच असले तरी चलन भूपाचं नाही, पण कान ओळख देतो एवढं नक्की. त्याच पत्रात बर्न्स हेही सांगतो की कुणी ही चाल आयरिश म्हणतं, तर कुणी म्हणतं की आइल ऑफ मॅनमधल्या एका भटक्या पाइपवाल्याकडून ती लिहून घेतली, चालींचा मूळ धागा शोधणं किती अवघड असतं बघा.

पुढे ही चाल चर्चच्या भजनांना लागली, संगीतकार पर्सी ग्रेंजरने तिची कोरससाठी आणि बँडसाठी मांडणी केली. भारतात ती रवींद्रनाथ टागोरांच्या गाण्यात आली. १८७८ मध्ये इंग्लंडला जायच्या आधी ते मुंबईत आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी राहिले होते, आणि विलायतेतून परतल्यावर १८८२ मध्ये त्यांनी कालमृगया हे गीतिनाट्य लिहिलं, दशरथाच्या बाणाने श्रावणबाळ मरतो त्या कथेवरचं. त्यातलं फुले फुले ढले ढले हे गाणं याच डूनकाठच्या चालीवर आहे. फक्त इथे विरह नाही, फुलांवर डुलणारा वारा आहे, आणि तरी शेवटी मन का कासावीस होतंय कळत नाही असं येतंच. सत्यजित राय यांच्या चारुलता (१९६४) मध्ये झोक्यावर बसलेली चारू हेच गाणं म्हणते.