हात हलताना दिसतो का?

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला चार दिवस झाले होते. नागपुरात नंदनवनच्या घरी सकाळी चहाचा कप चाचपत मावशी म्हणाली, "काल घड्याळाचे काटे दिसत होते रे, आज भिंतच धुरकट वाटते." डोळा लालसर होता. फार दुखत नव्हता. शेजारच्या काकूंनी निदान करून टाकलं, "कूलरच्या हवेनं झालं असन. मे महिन्यात मोतीबिंदू काढतात का बापा?"

उन्हाळ्यात मोतीबिंदू काढू नये, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. पूर्वी मोठा छेद घेऊन टाके घालत, तेव्हा घामाधुळीची धास्ती समजण्यासारखी होती. आता फेको पद्धतीत, म्हणजे ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून शोषून घेतात तेव्हा, छेद दोन-तीन मिलिमीटरचा असतो आणि बहुतेक वेळा टाक्याशिवायच मिटतो. नागपूरच्या ४५ अंशांशी त्याला देणंघेणं नाही. मला खटकलं ते वेगळंच. काल दिसत होतं आणि आज कमी दिसतंय, या वाक्याकडे घरात कुणी कानच दिला नाही.

मोतीबिंदू काढल्यावर नजर दिवसेंदिवस सुधारायला हवी. ती उलटी फिरली तर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाला असावा, असं धरून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. त्याला एंडॉफ्थॅल्मायटिस म्हणतात. हजारात एखाद्याला होतो, कित्येकदा त्याहूनही कमी. पण झाला की हिशेब तासांचा. बहुधा दोन ते सात दिवसांत तो डोकं वर काढतो, आणि तोवर गडचिरोलीहून आलेला पेशंट १७० किलोमीटर मागे आपल्या गावी पोचलेला असतो. दुखत नाही म्हणून थांबणं तर फारच महागात पडतं. अमेरिकेत ४२० रुग्णांवर झालेल्या, १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे पाव रुग्णांना वेदनाच नव्हती.

डॉक्टरांनी मावशीची हनुवटी स्लिट लॅम्पवर टेकवली आणि मलाही भिंगातून पाहू दिलं. काळ्या बुबुळापुढे, तळाशी, पांढरी आडवी रेघ होती. भांड्याच्या बुडाशी साका बसावा तशी. तो पू. मग मिटल्या पापणीवर जेल लावून सोनोग्राफी झाली, कारण आतून इतकं गढूळ होतं की पडदा जागेवर आहे की नाही हे उजेड टाकून कळेना.

एवढी यंत्रं झाल्यावर त्यांनी जे केलं ते आजीबाईच्या काळातलं वाटावं असं होतं. दुसरा डोळा झाकून मावशीसमोर आपला हात हलवला. "काय दिसतं?" "हात हलवताय न."

पुढचा सगळा उपचार या उत्तरावर ठरला. त्याच अभ्यासात असं निघालं होतं, की ज्यांना फक्त उजेड-अंधार कळतो त्यांच्यात लगेच व्हिट्रेक्टॉमी केली, म्हणजे डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढून टाकला, तर चांगली नजर परत येण्याची शक्यता सुमारे तिप्पट होते. हात हलताना दिसत असेल तर इंजेक्शनांनीही तेवढंच साधतं. आज काही सर्जन थोडे आधीच ऑपरेशनकडे वळतात, पण हात हलवून बघणं कुणी सोडलेलं नाही.

इंजेक्शन मात्र दंडात नाही, थेट डोळ्यात. रक्तातून पडद्याकडे काय जाऊ द्यायचं, यावर शरीराचा कडक पहारा असतो. त्यामुळे सलाइनमधून दिलेली अँटिबायोटिक्स आत पुरेशी पोचत नाहीत. त्या अभ्यासात त्यांचा वेगळा फायदा दिसलाही नव्हता. आधी डोळ्यातला थोडा द्रव तपासणीसाठी ओढून घेतात, मग व्हॅन्कोमायसिन १ मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडीम २.२५ मिलिग्रॅम, प्रत्येकी ०.१ मिलिलिटरमध्ये, म्हणजे जेमतेम दोन थेंब. दोन सिरिंज वेगळ्या, कारण एकत्र केली तर औषधांचा साका बसतो. डोळ्यात सुई म्हटल्यावर मावशी घाबरली होती. प्रत्यक्षात भूल दिली होती आणि सगळं मिनिटभरात आटोपलं.

लाल डोळा दिसला की मेडिकलवाल्याकडून स्टेरॉइडचे थेंब आणणारेही असतात. ऑपरेशननंतर पहिल्या दिवसा-दोन दिवसांत जंतूंशिवायही सूज येते आणि तिला स्टेरॉइड लागतं, हे खरं. पण कुठली सूज कुठली हे काउंटरवर ठरत नाही.

जंतू आले कुठून? बहुतेक वेळा पेशंटच्याच पापण्या आणि पापण्यांच्या केसांवरून. म्हणून तर ऑपरेशनआधी ५ टक्के पोव्हिडोन आयोडिनचा तपकिरी थेंब डोळ्यात घालून काही मिनिटं थांबतात. २००७ साली युरोपातल्या १६ हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात, ऑपरेशन संपताना डोळ्यात सेफ्युरॉक्झिम हे अँटिबायोटिक सोडल्यावर संसर्गाचं प्रमाण सुमारे पाचपटीने खाली आलं. शून्य मात्र झालं नाही.

मावशीच्या रिपोर्टमध्ये त्वचेवर राहणारा साधा स्टॅफिलोकोकस निघाला. तिसऱ्या दिवशी तिने बोटं मोजली, दीड महिन्याने चष्मा लागला, आणि घड्याळाचे काटे परत आले. काकूंना मी रिपोर्ट वाचून दाखवला. त्यांनी पूर्ण ऐकला आणि जाता जाता कूलरचं तोंड भिंतीकडे वळवलं.