जोडीनं सायकल चालवायची आहे, पण एकाला भीती वाटते?

जोडपी दुकानात येतात तेव्हा बहुतेक वेळा एकच जण बोलतो: "मला येते हो, हिला सवय नाही." कधी उलटंही असतं. आम्ही आधी त्या गप्प उभ्या माणसालाच विचारतो. तोल जाईल असं वाटतं, दम लागतो, की गाड्यांची धास्ती आहे? तिन्हींना उपाय वेगळा.

तोलाची भीती असेल तर मधली दांडी नसलेली सायकल घ्या. आम्ही सीट इतकी खाली करतो, की बसल्या जागी दोन्ही तळवे टेकतात. सुरुवातीला दोन्ही पायडलं काढूनच देतो. (घरी काढणार असाल तर 15 नंबरचा पाना लागतो, आणि डाव्या पायडलचे आटे उलटे असतात.) मग पायांनी ढकलत जायचं, हळूहळू पाय उचलून धरायचे. पायडल त्यानंतर.

जोडीदाराला कळकळीची विनंती: मागून सीट धरून पळू नका आणि "हँडल सरळ धर" असं ओरडू नका. सायकल ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल किंचित वळलं की तोल सावरतो. हँडल घट्ट सरळ धरलं तर माणूस पडणारच. मागे एका काकूंना शिकवताना काका सतत सूचना देत होते, आणि प्रत्येक सूचनेला काकूंचे खांदे कानांपर्यंत चढत होते. आम्ही काकांना चहाला पाठवलं. पाऊण तासानं ते परतले तेव्हा काकू पाय उचलून दहा-बारा फूट घरंगळत होत्या. पायडल लावायला अजून अवकाश होता, पण खांदे खाली आले होते.

दम लागत असेल तर पायडल मारल्यावर मदत करणारी ई-सायकल बघा. मोटर 250 वॉटपर्यंत आणि वेग ताशी 25 किमीपर्यंत असेल तर लायसन्स लागत नाही. मात्र ती जड असते, तोल न आलेल्याला देऊ नका.

दोघांनी मिळून चालवायची टँडेम अनेकांना खुणावते. मागच्याला ना हँडल वळवता येतं ना सहसा ब्रेक मारता येतो, आणि चेन जोडलेली असल्यानं पायडलं एकत्रच फिरतात. पुढच्यानं खड्डा, गतिरोधक, ब्रेक हे आधी मोठ्यानं सांगायलाच हवं. ते सांगायची सवय नसेल, तर टँडेम आम्ही देत नाही.

पहिल्याच रविवारी खडकवासल्याला भजी खायला जाऊ नका. स्वारगेटपासून 15-16 किमी, परतही यायचंय, आणि सिंहगड रस्त्याची रहदारी तुम्हाला ठाऊकच आहे. सकाळी साडेसहाला सोसायटीतला किंवा शेजारचा मोकळा रस्ता पुरे. नवखा पुढे, सराईत त्याच्या मागे, थोडा उजवीकडे, म्हणजे गाड्यांच्या बाजूला. सराईत पुढे गेला की चौकात थांबून विसावतो आणि दुसरा धापा टाकत पोचला की लगेच निघतो. ज्याला विश्रांती हवी त्याला ती मिळतच नाही.

येताना ओढणी बांधून, सलवार किंवा पँटचा पायचा दुमडून या. चेनकव्हर असलेल्या सायकली आहेत, फोनवर सांगितलंत तर बाजूला काढून ठेवू.