रेड वाइन आणि कॅन्सर: द्राक्षांच्या नावावर खपलेला समज

‘वाइन म्हणजे दारू नव्हे, द्राक्षाचा रसच तो. रोज एक ग्लास घेतला तर कॅन्सर फिरकत नाही.’ गंगापूर धरणाकडच्या वाइनरीतून परतणारा पाहुणा असो की दिंडोरीचा बागाईतदार, नाशिकमध्ये हे कुणी ना कुणी ऐकवतोच. ते चूक आहे.

समजाचं मूळ रेझव्हेरॅट्रॉलमध्ये. द्राक्षाच्या सालीतल्या या द्रव्याने प्रयोगशाळेत पेशींवर परिणाम दाखवले, हे खरं. पण वाइनमध्ये ते नावापुरतं असतं. इथेनॉल, म्हणजे दारूतलं अल्कोहोल, मात्र भरपूर: १२ टक्के अल्कोहोल असलेल्या वाइनच्या १५० मिलिलिटर ग्लासात सुमारे १४ ग्रॅम. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये साधारण १०. आता सौम्य कुणाला म्हणायचं?

शरीर इथेनॉलपासून अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं रसायन बनवतं आणि ते पेशींतल्या डीएनएला इजा करतं. बाटलीवर द्राक्षाचा घड छापलाय की धान्याची कणसं, यकृताला त्याचं काही नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर होतो असा पुरेसा पुरावा असलेल्यांत, टाकलं. तंबाखूही त्याच गटात. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्तन यांच्या कॅन्सरशी मद्याचा संबंध आहे. स्तनाच्या कॅन्सरचा धोका तर थोड्या मद्यानेही वाढतो. सोबत सिगारेट असेल, तर तोंडाचा आणि घशाचा धोका नुसता बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो.

द्राक्षं आवडतात? पिंपळगावची ताजी आणा, सालीसकट खा.