लिनक्सवर आवाज गेला की उपाय एकमेकांशी का भांडतात : थोडी पार्श्वभूमी

लिनक्सवर आवाज येत नाही म्हणून शोधायला बसलं की एका प्रश्नाला दहा उत्तरं मिळतात. कुणी म्हणतं अल्सामिक्सर (टर्मिनलमधला व्हॉल्यूम कंट्रोल) उघड, कुणी म्हणतं पल्सऑडिओ काढूनच टाक, कुणी कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, मोड्यूलला ऑप्शन द्यायला सांगतं. यातली बरीचशी उत्तरं आपापल्या काळात बरोबर होती, काळ तेवढे वेगळे. लिनक्समधला आवाज एकावर एक अशा थरांतून जातो, म्हणून मला वाटतं आधी कुठला थर कधी आणि का आला ते माहीत असावं, कमांड नंतर.

पहिला थर ओएसएस, म्हणजे ओपन साउंड सिस्टिम. १९९२ च्या सुमारास हन्नू सावोलाइनेन यांनी साउंड ब्लास्टर कार्डासाठी ड्रायव्हर लिहिला, त्यातून हा वाढला. युनिक्सच्या रीतीने कार्ड म्हणजे एक डिव्हाइस फाईल, तिच्यात डेटा लिहिला की आवाज, एवढं सरळ. पण कार्डात स्वतःचं मिक्सिंग नसेल तर ती फाईल एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळायची, दुसऱ्याला ‘डिव्हाइस बिझी’. त्यावर तोड म्हणून ग्नोम डेस्कटॉपने ईएसडी आणि केडीई डेस्कटॉपने आर्ट्स असे साउंड सर्व्हर, म्हणजे सगळ्या प्रोग्रामांचा आवाज एकत्र करून कार्डाला देणारे प्रोग्राम, वापरले, आणि मग कार्ड कोणी धरून ठेवायचं यावरून या दोघांचंच जुंपायला लागलं.

यारोस्लाव्ह किसेला यांनी १९९८ च्या सुमारास आल्सा (अल्सामिक्सरमधलं ‘अल्सा’ ते हेच, कर्नलमधले साउंड ड्रायव्हर) सुरू केलं, ते मुळात ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड कार्ड नीट चालावं म्हणून. २००२ मध्ये ते डेव्हलपमेंट कर्नलमध्ये गेलं आणि २००३ च्या डिसेंबरात आलेल्या २.६ कर्नलमधून सगळ्यांपर्यंत पोचलं. त्यात सगळे चॅनल सुरुवातीला म्यूट असायचे, त्यामुळे ड्रायव्हर उत्तम चालतोय आणि आवाज मात्र शून्य. अल्सामिक्सरमध्ये पट्टीखाली ‘एमएम’ दिसलं की एम दाबा, हा सल्ला तिथला, आणि आजही लागू पडतो. फक्त हल्ली तो उघडला की बऱ्याचदा एकच मास्टर पट्टी दिसते, ती आल्साच्या वर चालणाऱ्या साउंड सर्व्हरची (पल्सऑडिओ किंवा पाइपवायर, ते पुढे येतील), खरं कार्ड एफ-६ दाबून निवडावं लागतं आणि मग स्पीकर, हेडफोन, ऑटो-म्यूट हे सगळं समोर येतं. कितीतरी लोक त्या एका पट्टीवरूनच परत फिरतात.

२००४ मध्ये इंटेलचं एचडी ऑडिओ आलं आणि माझ्या मते लॅपटॉपवरच्या निम्म्या कटकटींचं मूळ इथे आहे. कंट्रोलर आणि कोडेक (डिजिटल डेटाचा आवाज करणारी) चिपनी एकमेकांशी कसं बोलायचं हे ठरलेलं, पण चिपची कुठली पिन स्पीकरला आणि कुठली हेडफोनला जोडायची हे लॅपटॉप बनवणाऱ्याच्या मर्जीवर. ती माहिती बायॉसने द्यायची असते आणि ती अनेकदा चुकीची किंवा अर्धवट असते. विंडोजसाठी कंपनी आपला ड्रायव्हर देऊन ते झाकते, लिनक्सला मात्र प्रत्येक मॉडेलसाठी वेगळी दुरुस्ती कर्नलमध्ये लिहून ठेवावी लागते. टाकाशी इवाई आणि त्यांच्यासोबतचे लोक वर्षानुवर्षं हे चिकाटीचं काम करतायत, त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. चिप तीच, पण एका लॅपटॉपवर आवाज आणि दुसऱ्यावर नाही, याचं कारण हेच, आणि मोड्यूलला मॉडेलचं नाव द्या हा उपायही यातूनच आला.

पल्सऑडिओ, म्हणजे आल्साच्या वर चालणारा साउंड सर्व्हर, लेनार्ट पोटरिंग यांचं. ते २००७ च्या नोव्हेंबरात फेडोरा ८ मध्ये आणि २००८ च्या एप्रिलमध्ये उबुंटू ८.०४ मध्ये डीफॉल्ट आलं, आणि शिव्याही भरपूर खाल्ल्या. मला त्या बऱ्याचशा अन्यायाच्या वाटतात. त्याच्या नव्या टायमरवाल्या पद्धतीला ड्रायव्हरकडून आवाज नेमका कुठवर वाजलाय हे अचूक हवं होतं, तोवर ते इतक्या काटेकोरपणे कोणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे ड्रायव्हरमधल्या जुन्या चुका तेव्हा उघड्या पडल्या आणि खरखर ऐकू आली की नाव पल्सऑडिओचं. टायमर शेड्युलिंग बंद करा, पल्सऑडिओच काढा, हे सल्ले त्या दिवसांतले.

आता पल्सऑडिओच्या जागी बहुतेक ठिकाणी पाइपवायर असतं. विम टायमन्स यांनी ते आधी व्हिडिओसाठी सुरू केलं होतं, २०२१ च्या एप्रिलमध्ये फेडोरा ३४ ने आवाजासाठी डीफॉल्ट केलं आणि २०२२ मध्ये उबुंटू २२.१० ने. ते पल्सऑडिओची आणि जॅकचीही (स्टुडिओच्या कामाचा साउंड सर्व्हर) भाषा बोलतं, त्यामुळे जुने प्रोग्राम आणि व्हॉल्यूम कंट्रोल तसेच चालतात, पण पल्सऑडिओ सर्व्हरच्या कॉन्फिग फाईलमध्ये काहीही बदललंत तरी ढिम्म हलत नाही, कारण ती फाईल आता कोणी वाचतच नाही. कुठलं डिव्हाइस वापरायचं हे पाइपवायरसोबत चालणारं वायरप्लंबर ठरवतं. म्हणजे २००८ चा उपाय आज केला तर एकतर काही होत नाही, नाहीतर चालू असलेलंही जातं.

सगळ्यात खाली अजून एक भर पडली, साउंड ओपन फर्मवेअर, २०१८ पासून. नव्या इंटेल लॅपटॉपमध्ये मायक्रोफोन बऱ्याचदा ऑडिओ डीएसपीला (आवाजावर प्रक्रिया करणारा भाग) जोडलेले असतात आणि त्याला वेगळी फर्मवेअर फाईल, म्हणजे त्या भागात चालणारं सॉफ्टवेअर, लागते. तिचं पॅकेज नसेल तर सेटिंगमध्ये नुसतं ‘डमी आउटपुट’ दिसू शकतं. अशा वेळी आधी आल्साची एप्ले कमांड लिस्ट ऑप्शनने (aplay -l) चालवा. तिथे कार्डच नसेल तर भानगड खाली आहे, कर्नल किंवा फर्मवेअरमध्ये, आणि वरचा सर्व्हर कितीही वेळा रीस्टार्ट केला तरी फरक पडणार नाही. कार्ड दिसतंय पण डमी आउटपुट जात नाही, तर मग पाइपवायर आणि वायरप्लंबरकडे बघा.