मोठा पक्षी संथ उडतो, म्हणून शटरही संथ चालते?

कोकण किनाऱ्यावर समुद्रगरुडाचे फोटो काढणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे: पक्षी मोठा, उडणे संथ, तेव्हा १/५०० शटर पुरे, म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरता उघडला तरी चालेल. हा समज अर्धाच खरा आहे. संथ वाटते ते धड. दोन मीटरच्या आसपास पसरणाऱ्या पंखांची टोके मात्र प्रत्येक झापेत बरेच अंतर कापतात. टोक पाव सेकंदात एक मीटर खाली येते असे धरले, तर १/५०० सेकंदात ते आठ मिलिमीटर सरकते आणि १/२००० मध्ये केवळ दोन. पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवल्याने धड स्थिर दिसते, पण पंखांची ही वरखाली हालचाल त्याने थांबत नाही. म्हणूनच डोळा रेखीव आणि पिसांची टोके पुसट असे फोटो हाती येतात. (ती पुसटता मुद्दाम हवी असेल, तर गोष्ट वेगळी.)

पंख पसरून तरंगणाऱ्या गरुडाला १/८०० चालून जाते. झाप सुरू होताच १/२००० कडे जावे, त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, जी वाढवली की फोटोत दाणे दिसू लागतात) वाढवावा लागला तरी हरकत नाही, कारण दाणेदारपणा नंतर कमी करता येतो, हललेले पीस मात्र सुधारत नाही.