लाल तारा जळून हलका होतो का?

मे महिन्यात खानदेशात यावलकडे घराच्या धाब्यावर (सपाट छतावर) अंथरुणं पडली की दक्षिणेला वृश्चिकातली तांबूस ज्येष्ठा दिसते. मग कुणीतरी हमखास सांगतं, "लाल तारा जळून जळून हलका होतो अन् शेवटी फुटतो."

ज्येष्ठेपुरतं फुटणं खरं, ती महाराक्षसी, म्हणजे सूर्याहून कितीतरी जड तारा आहे. पण तिच्या शेजारीच दुर्बिणीत धुरकट ठिपक्यासारखा एम ४ हा गोलाकार तारकागुच्छ दिसतो (शेजार नुसता दिसण्यापुरता, तो तिच्या दहापट लांब आहे). तिथले तांबडे राक्षसी (म्हातारपणी फुगलेले) तारे फुटत नाहीत. हलके मात्र होतात: सूर्याच्या सुमारे ०.८ पट वस्तुमानावरून ०.६ वर.

हे जळण्यानं होत नाही. ताऱ्याचं जळणं म्हणजे हायड्रोजनचं हेलियम होणं, त्यात १००० ग्रॅम हायड्रोजनचं ९९३ ग्रॅम हेलियम होतं. घट फक्त ७ ग्रॅम. मग एवढं जातं कुठे?

खळ्यावर दादर (रब्बी ज्वारी) उफणताना भुसा वाऱ्यावर जातो, दाणा पायाशी पडतो. तारा फुगून सूर्याच्या शंभरपट रुंद होतो, पृष्ठभागावरची ओढ हजारो पटींनी घटते आणि बाहेरचा वायू अवकाशात वाहून जातो, लाखो वर्षं, गुपचूप. मधला हेलियमचा गाभा जागचा हलत नाही.