सॉफ्टवेअरचे स्थलांतर

एका संगणकावर बसवलेले सॉफ्टवेअर त्याच्या सेटिंग, विदा आणि परवान्यासह दुसऱ्या संगणकावर चालते करण्याची क्रिया. नवा संगणक घेतला किंवा जुन्याची हार्ड डिस्क कुरकुरू लागली की ही वेळ येते. फोटो आणि पत्रे पेनड्राइव्हवर सहज नेता येतात. इन्स्टॉल केलेला प्रोग्राम तसा नेता येत नाही, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते.

विंडोजच्या आधीच्या डॉस या कार्यप्रणालीच्या काळात पुष्कळ प्रोग्राम एकाच डिरेक्टरीत मावत. ती फ्लॉपीवर उतरवली की काम भागे. विंडोज ९५ पासून रजिस्ट्री या मध्यवर्ती नोंदसाठ्याचा वापर सर्रास झाला आणि चित्र बदलले. आता प्रोग्रामच्या मुख्य फायली ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये, वापरणाऱ्याच्या आवडीनिवडी ‘ॲपडेटा’ या एरवी लपलेल्या फोल्डरमध्ये, अनेक प्रोग्रामांना लागणाऱ्या सामायिक डीएलएल फायली तिसरीकडेच आणि या साऱ्यांचे पत्ते रजिस्ट्रीत असतात. नुसता फोल्डर कॉपी केला तर आयकॉन दिसतो, पण क्लिक करताच अमुक डीएलएल सापडत नाही असा संदेश अनेकदा येतो.

विंडोज ७ मधली ‘ईझी ट्रान्सफर’ सोय फायली आणि सेटिंग नेई, प्रोग्राम नेत नसे. विंडोज १० मध्ये तीही उरली नाही. लॅपलिंकच्या ‘पीसीमूव्हर’सारखी साधने रजिस्ट्रीतल्या नोंदींसकट प्रोग्राम उचलतात. तरीही ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणे चालवणारे प्रोग्राम) आणि अँटिव्हायरस नव्याने बसवणेच शहाणपणाचे. विंडोजमधल्या ‘विंगेट’ या प्रोग्राम बसवण्याच्या साधनाच्या एक्स्पोर्ट आदेशाने प्रोग्रामांची यादी फायलीत घेऊन नव्या यंत्रावर त्यातले बरेच उतरवून घेता येतात, लिनक्सवर पॅकेजांच्या यादीची हीच पद्धत जुनी आहे. मॅकवर बहुतेक ॲप एकाच गठ्ठ्यात असल्याने ‘मायग्रेशन असिस्टंट’ हे काम बरेच सुकर करतो. मात्र २०१९ च्या कॅटालिना या मॅक आवृत्तीपासून जुन्या धाटणीची ३२-बिट ॲप चालत नाहीत.

परवान्याचा प्रश्न याहून चिवट. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा एकाच संगणकापुरता परवाना आधी जुन्या यंत्रावर ‘सरेंडर’ करायचा, म्हणजे सोडून द्यायचा, मग नव्यावर सक्रिय करायचा. कंपन्यांच्या हिशेबाचा डेटा फोल्डर वेगळा न्यायचा. जुना संगणक आधी फॉरमॅट केला तर सरेंडर करायला काही उरत नाही. संगणकासोबतच उत्पादकाकडून आलेले ओईएम परवाने तर सहसा त्या यंत्रालाच बांधलेले असतात.

मराठी छापखान्यांत आणि डीटीपी केंद्रांत ही अडचण फार जाणवते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारखी भारतीय लिप्यांची सॉफ्टवेअर डोंगल, म्हणजे परवान्याची खूण म्हणून संगणकाला जोडायचे छोटे उपकरण, लावून वापरली गेली. प्रिंटरच्या पोर्टात बसणारे जुने डोंगल नव्या लॅपटॉपला लावायला जागाच नसते. शिवाय जुन्या, युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची सामायिक संकेतपद्धत) नसलेल्या फॉण्टमधला मजकूर तो फॉण्ट नसेल तर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची गिचमीड होऊन दिसतो. म्हणून जुने यंत्र चालू आहे तोवरच असे दस्तऐवज युनिकोडमध्ये रूपांतरित करून, जोडाक्षरे तपासून घ्यावीत.